चार बोटं बाही

लिपोवोच्या होजिअरी कारखान्यात मिलुन्काने एकतीस वर्षं उन्हाळी टॉप शिवले, पण पुरता टॉप एकदाही शिवला नाही. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. तिथे कुणीच काही पुरतं शिवत नसे. कापड बेतायला एक माणूस, खांदे जोडायला एक बाई, गळ्याची पट्टी दुसरीकडे, कुशीची शिवण तिसरीकडे आणि मुंढे मिलुन्काकडे. डावा मुंढा, उजवा मुंढा, डावा मुंढा, उजवा मुंढा. मधे अर्धा तास जेवणाची सुट्टी, मग पुन्हा डावा. तिने शिवलेल्या मुंढ्यांतून परदेशातल्या लाखभर बायकांनी हात बाहेर काढले आणि समुद्रकाठी पडून ऊन खाल्लं. तिने स्वतः मात्र बिनबाह्यांचं काही कधी अंगाला लावलं नाही. आधी सासू होती. मग नवरा होता. ते दोघंही गेल्यावर दंड होते.

साठी उलटली की बाईने दंड झाकावेत, असं लिपोवोत सगळे म्हणत. का झाकावेत, ते कुणी सांगत नसे. दंड काही कुणाच्या अंगावर धावून जात नाहीत.

कारखाना बंद पडला तेव्हा यंत्रं विकली गेली, पत्रे विकले गेले, भोंगासुद्धा कुणीतरी नेला. उरला तो जर्सी कापडाचा एक तागा आणि पाय मोडलेलं एक ओव्हरलॉक मशीन. दोन्ही कुणाला नको होती म्हणून बायकांना मिळाली. तागा लाल होता, भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीसारखा. त्या उन्हाळ्यात पारा अडतिसावर गेला, आणि सहासष्टाव्या वर्षी मिलुन्काने ठरवलं, आपल्याला एक टॉप शिवायचा. साधा. दोन तुकडे, चार शिवणी, बाह्या नाहीतच. त्यात अवघड ते काय?

अवघड हे, की जर्सीचं कापड एकुलत्या एक मुलासारखं असतं. एका बाजूने ओढा, म्हणाल तेवढं येतं. दुसऱ्या बाजूने ओढा, ढिम्म हलत नाही. त्याचा ताण अंगाभोवती फिरायला हवा, हे बेतणाऱ्याला माहीत होतं आणि बेतणारा केव्हाच व्हिएन्नाला जावयाकडे राहायला गेला होता. मिलुन्काने ताण डोक्याकडून पायाकडे ठेवला. टॉप अंगात घालायला तिला पाव तास लागला. मग कॉफीला उकळी येईपर्यंत त्याची कड लोंबत लोंबत गुडघ्याला टेकली, आणि छातीपाशी मात्र श्वास घ्यायची सोय उरली नाही.

तिची धाकटी जाऊ यागोदा नेमकी तेव्हाच टरबुजाची फोड घेऊन दारात उभी राहिली. यागोदाने तीस वर्षं फक्त खांदे जोडले होते, त्यामुळे इतर विषयांवर तिची मतं फार ठाम असत.

"जाऊबाई, हा टॉप नाही," ती म्हणाली. "ही तंबुऱ्याची गवसणी आहे."

"हसू नकोस. आधी मला यातून काढ."

"काढते हो. पण मुंढे काय सुरेख आलेत! गवसणीला असे मुंढे मी जन्मात पाहिले नाहीत."

मग त्या दोघी मिळून गवसणी उतरवताना खाली बसल्या आणि हसता हसता टरबुजावर बसल्या. त्याच दिवशी मिलुन्काच्या ध्यानात आलं, की आपल्यातल्या कुणालाच टॉप येत नाही. प्रत्येकीला एकेक शिवण येते. टॉप हवा असेल तर सगळ्याच हव्यात.

अशी संस्कृती भवनातली चार नंबरची खोली सुरू झाली. दर गुरुवारी सात बायका तिथे जमत. एका लांब टेबलाच्या कडेने, कारखान्यात बसायच्या त्याच क्रमाने बसत. कापड टेबलावरून सरकत जाई: बेतणाऱ्याच्या हाताखालच्या बाईकडे बेतलं, यागोदाकडे खांदे, पलीकडे गळा, मग कुशी, मग मुंढे, मग खालची दुमड, शेवटी इस्त्री. गोल टोकाची सुई, कारण टोकदार सुई जर्सीला भोकं पाडते. नागमोडी टीप, कारण सरळ टीप कापडाबरोबर ताणत नाही आणि पहिल्याच जांभईला तटकन तुटते. सात जणी मिळून एक शिंपीण होत असे. कुणी आजारी पडली की त्या आठवड्याचे टॉप बिनगळ्याचे राहत आणि पुढच्या गुरुवारची वाट पाहत खुंटीवर लटकत.

मिलुन्काचा लाल टॉप तिथे झाला. तिने तो घातला, हात वर केले, खाली केले, पुन्हा वर केले. काहीही कुठे काचलं नाही. काखेत वारा शिरला. साठ वर्षांत तिथे वारा पहिल्यांदाच येत होता.

"वारा लागून आजारी पडाल," यागोदा म्हणाली. लिपोवोत माणसं कशानेही मरोत, ठपका वाऱ्यावरच येतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघडणाऱ्याकडे तिथे खुन्याकडे पाहावं तसं पाहतात.

"लागू दे," मिलुन्का म्हणाली. "ओळख तरी होईल."

आणि मग नगरपालिकेचं पत्र आलं.

चार नंबरची खोली शिकारी मंडळाला द्यायचं घाटत होतं, आणि बायकांनी त्याविरुद्ध अर्ज केला होता. मंडळाला ती रानडुकरासाठी हवी होती. हे रानडुक्कर मरून नऊ वर्षं झाली होती, पण त्यामुळे त्याची प्रगती काही थांबली नव्हती. भुसा भरल्यावर ते आधी मंडळाच्या अध्यक्षांच्या गॅरेजमध्ये होतं, तिथून उपाहारगृहात आलं, तिथून नगरपालिकेच्या दालनात, आणि आता त्याला स्वतंत्र खोली मिळायची वेळ आली होती. शिकारी मंडळाचे अध्यक्ष ओब्रेन हे नगरपालिकेत सामान्य प्रशासन विभागाचे प्रमुखही होते. हा योगायोग होता, असं ओब्रेननीच एका पत्रकात स्पष्ट केलं होतं.

पत्रात लिहिलं होतं: "खोली क्रमांक चार बायकांकडेच राहावी या अर्जावर येत्या गुरुवारी दुपारी बारा वाजता, उष्म्यामुळे तळमजल्याच्या दालनात, सुनावणी होईल. अर्जदाराने स्वतः हजर राहावे, अन्यथा अर्ज निकाली निघेल. विभागाची हरकत असल्यास ती सुनावणीच्या वेळी तोंडी नोंदवण्यात येईल. तोंडी न नोंदवलेली हरकत, हरकत धरली जाणार नाही."

शेवटचं कलम ओब्रेननीच घातलेलं होतं. मागच्या वर्षी कचराकुंडीच्या जागेवरून गावातल्या बायकांनी सतरा पानांची लेखी हरकत दिली होती, आणि ती वाचताना त्यांचा चष्मा बदलायची वेळ आली होती.

अर्जावर सही मिलुन्काची होती. कारण सगळ्यांत तिचं अक्षर चांगलं. म्हणजे बारा वाजता ती दालनात नसली तर खोली गेली, टेबल गेलं, आणि सात जणी पुन्हा आपापल्या घरी एकेक शिवण घेऊन बसल्या.

गुरुवारी सकाळी यागोदा आली ती अंगात लांब बाह्यांचा सुती सदरा, वरून विणलेलं जाकीट आणि हातात मिलुन्कासाठी पांढरा ब्लाउज घेऊन. मिलुन्का लाल टॉपमध्ये आरशासमोर उभी होती.

"अगं बाई," यागोदा म्हणाली. "जाऊबाई, हे घालून नगरपालिकेत? तिथल्या दारावरची पाटी वाचली नाहीत का?"

"वाचली. म्हणूनच घातलाय."

"बाही खांद्यापासून चार बोटं तरी हवी. स्पष्ट लिहिलंय."

"कुणाची चार बोटं?"

प्रश्न वाजवी होता. पाटी लावली होती ओब्रेननी, पण दारावर मोजायला उभा असे रादिसाव, आणि रादिसावच्या उजव्या हाताला लाकडाच्या वखारीत दोन गेल्यापासून तीनच बोटं होती. त्याची चार बोटं म्हणजे तीन. गावातल्या तरुण पोरी डाव्या हाताने मोजू देतच नसत.

"अर्जात आपण काय लिहिलंय?" मिलुन्काने विचारलं. "सदर खोलीत आम्ही कपडे शिवतो. बरोबर? मग हा पुरावा आहे. खांदे तुझे, गळा तिचा, मुंढे माझे. सातही जणी यात आहेत. पुरावा ब्लाउजखाली झाकून न्यायचा असतो का? कोर्टात कुणी सुरा सदऱ्यात लपवून दाखवतं?"

"ब्लाउज पिशवीत तरी असू दे."

"पिशवी नाही घेत."

"बरं, निदान गिरणीच्या मागच्या गल्लीने जाऊ. सावली आहे, आणि कुणी बघणार नाही."

यावर मात्र मिलुन्काने हो म्हटलं. सहासष्ट वर्षांचे दंड पहिल्यांदाच उन्हात निघाले होते, आणि ते स्वतः जरा बावरलेले दिसत होते.

नगरपालिकेच्या दारात रादिसाव निळा गणवेश घालून घामात भिजत उभा होता. तो आणि मिलुन्का शाळेत एका बाकावर बसले होते, त्यामुळे त्याला तिच्याशी कडक बोलणं जमत नसे. त्याने वर बघितलं, खाली बघितलं, मग पाटीकडे बघितलं.

"मिलुन्के, काय गं हे?"

"टॉप."

"ते दिसतंय. बाही कुठाय?"

"नाही."

"नाही म्हणजे मोजू काय? शून्य बोटं लिहू?" त्याने सुस्कारा सोडला आणि दाराआडच्या खुंटीकडे हात केला. तिथे सार्वजनिक कोट लटकत होता. करड्या रंगाचा, जाडजूड. बिनबाह्यांचे नागरिक आत जाताना अंगात घालत आणि बाहेर येताना परत लटकवत. जून महिन्यापासून निम्मं गाव त्या कोटात घामाघूम होऊन गेलं होतं, आणि तो आता खुंटी नसली तरी स्वतःच्या बळावर उभा राहिला असता. "हा घाल. पाच मिनिटांचा तर प्रश्न."

"तो कोट चालत माझ्याकडे आला तरी घालणार नाही."

"जाऊबाईंना खुळ लागलंय, रादिसावभाऊ," यागोदा म्हणाली. "वारा लागला असेल."

"मिलुन्के, ऐक. बाराला आठ मिनिटं आहेत. पळत घरी जा आणि..."

"जाणार नाही. आत सोडत नसशील तर इथे उभी राहते. उंबरठ्यावर. समिती बसेल ना, ती बघेल मला इथून. डुक्करही बघेल."

उघड्या दारातून आत दालनाची थंडगार फरशी दिसत होती. मधोमध रानडुक्कर उभं होतं. त्याच्या एका सुळ्यावर कुणीतरी टोपी अडकवली होती. त्याच्या शेजारच्या टेबलाशी पशुवैद्य बसले होते. समितीत तीन जण असत. एक ओब्रेन, दुसरे हे पशुवैद्य, आणि तिसरे जे कधीच येत नसत. पशुवैद्यांना भूक लागलेली होती आणि ते घड्याळाकडे अशा नजरेने बघत होते, की ते गायीचं असतं तर त्यांनी त्याला सुई टोचली असती.

उंबरठ्यावरची कुजबुज ऐकून ओब्रेन बाहेर आले. अडतीस अंशात त्यांच्या अंगात काळा कोट होता, वर गच्च आवळलेला टाय. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि त्याचं कौतुकही होतं: साहेबांना घामच येत नाही. साहेबांनी खास नियम केला आणि स्वतः सगळ्यांत आधी पाळला.

"काय चाललंय?" ओब्रेननी विचारलं. मग त्यांचं लक्ष मिलुन्काच्या खांद्यांवर गेलं आणि तिथेच राहिलं. "बाई, ही सरकारी इमारत आहे. पोहण्याचा तलाव नाही."

"मग तलावाइतका घाम का येतो इथे?" मिलुन्का म्हणाली.

"नियमाचा भंग केला तर दंड आहे!"

"दंड आहेत म्हणूनच तर भांडण, साहेब. दंड नसते तर मला बाह्या कशाला लागल्या असत्या?"

रादिसाव खोकला. ओब्रेनच्या गळ्याच्या शिरा टायच्या वर आल्या. "तुम्हाला वाचता येतं का? ती पाटी, ती तिथे, वर, लाल अक्षरात..." असं म्हणून त्यांनी उजवा हात दणक्यात वर केला, पाटी दाखवायला, पार टोकापर्यंत.

कापड फाटल्याचा आवाज होतो तो नव्हे. शिवण उसवल्याचा आवाज वेगळा असतो, बारीक, तुर्रर्र, जणू कुणी शेंगा सोलतंय. कोटाचा मुंढा काखेपासून खांद्यापर्यंत सुटला. बाही घसरली आणि कोपराशी येऊन थांबली. आणि आत सदऱ्याची बाही दिसायला हवी होती तिथे एक गोरापान, गुबगुबीत, उन्हाचा स्पर्श न झालेला उघडा दंड दिसला.

सगळे बघत राहिले. सदऱ्याला कॉलर होती, पुढा होता, बटणं होती. बाह्या नव्हत्या. खांद्यापाशी कात्रीने कापून दुमडल्या होत्या. मनगटाशी मात्र पांढरा कफ होता, पिनांनी कोटाला आतून टाचलेला.

"अगं बाई," यागोदा हळूच म्हणाली. "साहेब, तुम्हीपण?"

"ही बायकोची कल्पना," ओब्रेन म्हणाले. ते वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप निघालं. अडचणीत आलं की लिपोवोतले पुरुष तेच वाक्य म्हणतात.

चौकापलीकडच्या कॉफीच्या दुकानातल्या खुर्च्या या दिशेला वळू लागल्या होत्या. ओब्रेननी उघडा दंड डाव्या हाताने झाकला, मग लक्षात आलं की बाही तर कोपराला लोंबतेय. त्यांनी मिलुन्काकडे पाहिलं. एकतीस वर्षं मुंढे शिवलेली बाई तीन फुटांवर उभी होती. साऱ्या जिल्ह्यात याहून योग्य माणूस मिळाला नसता.

"तुमच्याकडे सुई आहे का?"

सुई मिलुन्काच्या टॉपच्या आतल्या कडेला टोचलेली होतीच. शिवणारी बाई दात घरी विसरेल, सुई नाही. "आहे. पण इथे उन्हात, चौकात? साहेबांचा दंड उघडा ठेवून?"

"आत या ना! आत या लवकर!"

"आत? टॉपसकट?"

"या हो बाई, जशा आहात तशा या!"

"रादिसाव," मिलुन्का म्हणाली, "ऐकलंस ना? साहेबांनी बोलावलंय."

"ऐकलं," रादिसाव म्हणाला. त्याने दार पूर्ण उघडलं, आणि वाऱ्याच्या भीतीने समोरची खिडकी लावायला पळाला.

अशी ती आत गेली. सार्वजनिक कोटाच्या शेजारून गेली, आणि त्याचा वास आला तेव्हा तिने मान दुसरीकडे केली.

कोट काढायचा तर प्रश्नच नव्हता. म्हणजे अंगावरच शिवायला हवा होता. आणि अंगावर शिवायचं म्हटल्यावर जे करायचं ते लिपोवोत शिकवावं लागत नाही. यागोदाने जाकिटाच्या खिशातल्या रिळाचा वीतभर दोरा तोडला, त्याची घडी केली आणि ओब्रेनच्या ओठांपुढे धरली.

"घ्या साहेब. दातांत धरा."

ओब्रेन कायद्याचे पदवीधर होते. त्यांनी तीन परिषदांत भाषणं केली होती. पण अंगावरचा कपडा शिवताना तोंडात दोरा धरला नाही तर कपड्याबरोबर माणसाची अक्कलही शिवली जाते, हे त्यांना पदवीच्या आधीपासून माहीत होतं. गावात दाखला होता. एका पोस्टमनने घाईत दोऱ्याविना बटण लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या गावाची पत्रं एकाच घरात टाकली, आणि पुढच्या वर्षी तो नगरसेवक झाला.

ओब्रेननी दोरा दातांत धरला.

"आणि सुटायचा नाही," यागोदाने बजावलं. "गाठ मारून दोरा तुटेपर्यंत अवाक्षर नाही."

मिलुन्काने सुई ओवली. शिवण तिच्या हाताला ओळखीची होती. काखेतल्या त्या वळणावर बोटं आपोआप वळली. कोटाचं कापड मेलं, दगडासारखं. ताणत नाही, वाकत नाही, माणूस हात वर करतो हे त्याच्या गावीच नाही. तिने उलटी टीप घालायला सुरुवात केली. पक्की, बारीक, एकामागून एक. मुद्दाम सावकाश नाही, आणि घाईनेही नाही. मुंढा म्हणजे मुंढा, मग तो कुणाचाही असो.

चर्चच्या घड्याळात बाराचे टोले पडले.

पशुवैद्यांनी कागद उचलला. कायद्याने बारा म्हणजे बारा, आणि घरी भरल्या भोपळी मिरच्या वाट बघत होत्या. "सुनावणी सुरू. खोली क्रमांक चार. अर्जदार हजर?"

"हजर," मिलुन्का म्हणाली आणि एक टाका घातला.

"काय करता खोलीत?"

"हे." तिने सुई न सोडता डावा खांदा पुढे केला. "सात जणींनी केलाय. एकीला येत नाही, सात जणींना येतो."

पशुवैद्यांनी चष्मा लावून टॉप बघितला. गाभण म्हशी बघणारी नजर होती, काही सुटत नसे. "शिवण चांगली आहे," ते म्हणाले. "विभागाची हरकत?"

"म्म्म!" ओब्रेन म्हणाले.

"काय?"

"म्म्म! म्म्म!" त्यांनी मोकळ्या हाताने रानडुकराकडे बोट दाखवलं.

"डुकराची हरकत विचारली नाही, ओब्रेन. विभागाची विचारली. तुमच्याच कलमात लिहिलंय, तोंडी. तोंडी म्हणजे शब्दांत. बैल हंबरतो ते मला लिहून घेता येत नाही."

ओब्रेनच्या कपाळावर घाम आला. गावाने तो पहिल्यांदा पाहिला.

मिलुन्का थांबली. सुई काखेजवळ, दोरा ताणलेला. यागोदा तिच्या कानाशी कुजबुजली, "शिवा ना, शिवत राहा, बोलू नका." पण मिलुन्काला ते पटलं नाही. मिळालेली खोली कुणाच्या तोंडात बोळा कोंबून मिळाली, असं उद्या गावाने म्हणायला नको होतं.

"साहेब," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने. "अजून सात टाके आहेत. हरकत घ्यायची असेल तर दोरा थुंका आणि घ्या. मी हात धरणार नाही, की सुईही टोचणार नाही. तुमचं तोंड, तुमची अक्कल. शिवली गेली तर मात्र मला उसवता येत नाही, ते आधीच सांगते."

दालनात डुकराच्या पोटातला भुसा खसखसल्यासारखा वाटला. ओब्रेननी दोऱ्याचं टोक जिभेने पुढे ढकललं. ओब्रेनची नजर सुईवर गेली, मग खिडकीबाहेर चौकात गेली. तिथून तो पोस्टमन, आता नगरसेवक, नेमका चुकीच्या दिशेने सायकल हाकत चालला होता.

ओब्रेननी दोरा पुन्हा दातांत घट्ट धरला.

पशुवैद्यांनी दहापर्यंत मोजलं, कारण भुकेला माणूसही न्यायी असतो, आणि लिहिलं: "हरकत नाही." शिक्का मारला. मग ते डुकराच्या सुळ्यावरची आपली टोपी काढायला उठले.

मिलुन्काने उरलेले सात टाके घातले. सातवा पहिल्याइतकाच बारीक होता. गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला.

ओब्रेननी दोऱ्याची घडी थुंकली. "रद्द! सगळं रद्द! ही बाई बिनबाह्यांच्या कपड्यांत इमारतीत आली, म्हणून सुनावणीच बेकायदा..."

"बरोबर," मिलुन्का म्हणाली. "लिहा, डॉक्टरसाहेब. दालनात बिनबाह्यांच्या कपड्यांत इसम आढळले." ती थांबली. "किती लिहायचे, साहेब? एक की दोन?"

पशुवैद्य टोपी हातात धरून थांबले आणि दुसऱ्या हाताने पेन काढलं. ओब्रेनच्या मनगटाशी पिन निसटलेला कफ लोंबत होता. त्यांनी तो आत ढकलला. तो पुन्हा बाहेर आला.

"लिहू नका काही," ओब्रेन म्हणाले.

"आणि साहेब, एवढा हात वर करत जाऊ नका. शिवण माझी आहे, टिकेल. कापड नाही टिकायचं."

दारात रादिसाव तिच्या वाटेतून बाजूला झाला आणि तिच्या टॉपच्या मुंढ्याकडे बघत म्हणाला, "मिलुन्के, हे कापड... गरम होत नाही?"

"गुरुवारी ये. पण सात जणी मापं घेतील. लाजायचं नाही."

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. यागोदाने सवयीने गिरणीच्या गल्लीकडे पाऊल टाकलं. मिलुन्का थांबली.

"तिकडून नाही."

"जाऊबाई, सावली..."

"तू जा सावलीतून."

यागोदा उभी राहिली. मग तिने विणलेलं जाकीट काढलं, काखोटीला मारलं आणि सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या. "याच्या वर नाही हं," ती म्हणाली. "आजच्या दिवशी एवढंच."

दोघी चौकात शिरल्या. मिलुन्का उन्हाच्या बाजूने चालू लागली, कॉफीच्या दुकानाच्या अगदी समोरून. तिथे खुर्च्यांवर निम्मं गाव बसलं होतं. कप ओठांपाशी थांबले. कुणीतरी म्हणालं, "अहो मिलुन्काबाई, या वयात?"

"हो, याच वयात," ती म्हणाली. "आधीची वर्षं मुंढे शिवण्यात गेली."

आणि चौकापलीकडे संस्कृती भवनाच्या खिडकीत वाट बघणाऱ्या पाच जणींना खोली मिळाल्याचं कळावं म्हणून, तिकडे बघत, तिने उजवा हात उचलला. थेट वर, पार टोकापर्यंत, ओब्रेननी उचलला होता त्याहून वर.

कुठेही काही उसवलं नाही.